हळद लागलेली रेकॉर्ड

कोळीवाडा, ठाणे
१९ फेब्रुवारी १९८८

दादूस,

जिवंत आहेस हे कळलं. तुझ्या जुन्या जहाजावरचा काळुराम गेल्या आठवड्यात उतरला तो थेट आपल्या दारात आला. खोकं खाली ठेवलं आणि चहालाही थांबला नाही. बाबा ओट्यावर जाळं विणत बसला होता. "कोनी दिलं?" असं त्याने विचारल्यावर काळुराम म्हणाला, "जनीचं हाय, काका," आणि सटकला. तुझं नाव या घरात घ्यायचं नाही, ही बातमी जहाजापर्यंत पोचलेली दिसते.

खोक्यात नुसत्या रेकॉर्डी. मधल्या पांढऱ्या कागदावर ना गाण्याचं नाव, ना गाणारणीचं. चिठ्ठी असेल म्हणून मी एकेक पाकीट उलटं करून झटकलं. काही पडलं नाही. दोन वर्षांनी बहिणीची आठवण झाली आणि दोन ओळी लिहायला हात धजला नाही होय? मग मी काळुरामला त्याच्या घरी जाऊन धरला. तेव्हा कळलं की तू शिकागोत रेकॉर्डी छापायच्या कारखान्यात आहेस आणि लेबल न लागलेला माल तुम्हा कामगारांना फुकट नेता येतो. पत्ताही त्याच्याकडूनच काढला.

तुझं ते शेवटचं पत्र, जहाज सोडलं तेव्हाचं, मीच वाचून दाखवलं होतं. बाबाला कुठे वाचता येतं? 'ठरवलेल्या मुलीशी लग्न करायला मी येणार नाही, मी इथे लिओन नावाच्या माणसाबरोबर राहतो, संसारात राहतात तसा राहतो.' हे वाक्य मला गाळता आलं असतं. मी गाळलं नाही. तू ताठ मानेने लिहिलंस, मग मी का मान खाली घालून वाचू? बाबाने पत्र चुलीत घातलं आणि म्हणाला, "मना एकच पोर हाय, जनी." तेव्हापासून आई हळदीच्या धवल्यात, घरच्या सगळ्यांना नावाने बोलावतात त्या गाण्यात, तुझं नाव घेत नाही.

आता एक गंमत. खोकं उघडलं तशी आई आतून हळद-कुंकवाची कोयरी घेऊन आली. मी म्हटलं, अगं काय करतेस? तर म्हणाली, "नवी वस्तू घरान आयली, हलद नको लावूं?" आणि सगळ्यात वरच्या रेकॉर्डीवर ओल्या हळदीचं बोट ओढलं. कुणी पाठवलंय हे तिला न सांगताच कळलं होतं. मी पुसायला गेले तर हात धरला माझा.

डोंबिवलीला माझ्याबरोबर रंगाच्या कंपनीत सरोज आहे. तिच्या वडिलांकडे नाट्यसंगीतासाठी घेतलेला प्लेअर आहे. रविवारी रेकॉर्ड घेऊन तिच्याकडे गेले. काकांनी आधी हळूच्या खटक्यावर लावली. बाई गात होती पण आवाज निघाला दारू चढलेल्या आपल्या नामदेवमामाचा. सरोज हसून लोळली. मग काकांनी खटका फिरवला.

दादूस, हे काय पाठवलंयस रे? खाली एकसारखा ठोका, वल्हं मारावं तसा, जराही न दमणारा. त्यावर पियानो, कुणीतरी दोन्ही हातांनी सुखाने बडवत असल्यासारखा. आणि त्यावर ती बाई. ती "ये" म्हणते आणि मागून एक पुरुष ओ देतो, "येतोय." सरोजने मला अर्थ सांगितला, पण तो सांगायच्या आधीच माझे पाय हलायला लागले होते. आणि मग आईची हळद आली. सुई तिथे अडकली. "ये." "येतोय." "ये." "येतोय." काका म्हणाले, "अहो, ही बिघडली आहे. साबणाने धुऊन पाहा." धुतली. डाग निघाला पण सुई अजूनही तिथेच अडकते.

तुझ्यासारखाच आहे तो मागचा. येतोय येतोय म्हणतो, येत कुठे नाही.

नाव घ्यायची बंदी आहे, लिहायची नाही. तेव्हा मी लिहिणार.

जनी


कोळीवाडा, ठाणे
८ ऑक्टोबर १९८९

दादूस,

उत्तर नाही. ठीक. मीही कोळ्याची पोर आहे. जाळं रिकामं आलं म्हणून कुणी होडी विकत नाही.

बातमी अशी की प्लेअर आता आपल्या घरात आहे. सरोजच्या वडिलांनी कॅसेटींचं यंत्र घेतलं आणि हा मला दिला. वर म्हणाले, "संगीत म्हणून मला हे मान्य नाही, पण त्या बाईचा सूर पक्का आहे." एवढं प्रमाणपत्र पुरे.

बाबाचं खाडीवर जाणं जवळजवळ सुटलं. वरून कारखान्यांचं पाणी येतं, बोईट शिजवलं तर घरभर रॉकेलचा वास. माणूस दिवसभर ओट्यावर जाळं विणतो, जे कुठे टाकायचं हे त्यालाही माहीत नाही. मी कामावरून आले की रेकॉर्ड लावते. पहिल्या दिवशी खेकसला, "बंद कर तं." मी केली नाही. दुसऱ्या दिवशी नुसता बघत राहिला. आता संध्याकाळी मला उशीर झाला तर आईला विचारतो, "जनी आज लावनार नाय का?"

आणि ऐक. एकदा ती हळदीची जागा आली. ये, येतोय, ये, येतोय. मी सुई उचलायला उठले तर जाळ्यातलं डोकं वर न करता म्हणाला, "ह्यो मागून वो देतंय ना, त्याचा गला बरा हाय. आपल्या झेलनाऱ्या बायांपेक्षा बरा झेलतंय." आई धवला म्हणते तेव्हा मागच्या बायका ओळ झेलतात, तसं त्याला ते वाटतं.

आईने तर त्याच्याही पुढे मजल मारली. ती बाई काय म्हणते म्हणून विचारलं. मी म्हटलं, "ये" म्हणते, सगळ्यांना बोलावते. आई म्हणाली, "म्हंजे धवलारीन हाय ती. कनच्या गावची?" मी म्हटलं, शिकागोची. "असूं दे. हलदीला आवतान देतंय बाय, बरी गातंय." आईचं खरंच आहे. आपल्याकडे हळद लागायच्या आधी देवांना बोलवायचं, मग वाडवडलांना, मग घरच्यांना, एकेकाचं नाव घेऊन. ज्याचं नाव धवल्यात आलं तो घरचा. त्याला कुणी उंबऱ्यावरून परत पाठवू शकत नाही, मग तो कसाही असो.

गेल्या महिन्यात चुलत बहिणीच्या हळदीला आईने सगळ्यांना बोलावलं. तुझ्या जागी ती श्वास घेते. एवढाच. सगळ्या बायकांना ठाऊक आहे तो श्वास कुणाचा ते.

जनी


कोळीवाडा, ठाणे
२६ मे १९९१

दादूस,

काल तुझा आवाज ऐकला आणि सांगायचं सगळं विसरले, म्हणून हे पत्र. कुंडलिकच्या दुकानात फोन करायची अक्कल तुला काळुरामने दिली असणार. कुंडलिक आता बडा माणूस आहे. पुढे फोनचा बूथ, मागे 'कुंडलिक साऊंड'. हळद, साखरपुडा, गणपती, सगळीकडे त्याचेच खोके थरथरतात. मला बोलवायला तो धावत आला तेव्हा पाटलोण सावरत होता, ते तू पाहायला हवं होतंस.

तू म्हणालास, याला हाऊस म्युझिक म्हणतात. तू म्हणालास, जिथे हे सुरू झालं तिथे तुमच्यासारखेच जायचे, घरच्यांनी बाहेर काढलेले, आणि शनिवारी गेलेले रविवारी उजाडल्यावर बाहेर पडायचे. आणि मग किती सहज म्हणालास की मागून ओ देणारा तो आवाज लिओनचा आहे. चर्चमध्ये गाऊन तयार झालेला गळा, कुणाला तरी मागे गायला माणूस हवा होता, त्याने एक दुपार जाऊन गायलं. दादूस, तुझा बाप रोज संध्याकाळी त्या माणसाचं कौतुक करतो! मी अजून घरी सांगितलेलं नाही. पोटात ठेवलंय. फुटायचं तेव्हा फुटेल.

आणि तुझी अट ऐकली. "आई ज्या दिवशी धवल्यात नाव घेईल त्या दिवशी येईन. माझं एकट्याचं नाही, दोघांचं." तू ती रागाने घातलीस, कधीच पुरी होणार नाही अशा हिशेबाने. मी मात्र ती लक्षात ठेवलीय. तिथे राहायचे तुझे कागद होईपर्यंत तुला हलता येत नाही, हेही कळलं. मग तोवर इथली बाजू मी बघते.

माझं म्हणशील तर ठीक. मोहने गावचं एक स्थळ आलं होतं, मुलगा रेयॉनच्या कारखान्यात. जमलं नाही. त्यांना नोकरीवाली नको होती. त्या रात्री आईने जिताड्याचं डोकं माझ्या ताटात वाढलं, जे आजवर फक्त बाबाच्या ताटात पडायचं. कशासाठी, ते ती बोलली नाही.

जनी


कोळीवाडा, ठाणे
३० मार्च १९९४

दादूस,

इतक्या वर्षांत तुझं पहिलं पत्र आलं आणि ते असलं! 'त्या रेकॉर्डी आता जुन्या झाल्या. इथे कोणी लावत नाही. कारखानाही बंद पडला. टाकून दे त्या, आणि मलाही विसरा.'

टाकत नाही. जा.

आता परवाच्या शिमग्याचं ऐक. कुंडलिकने यंदा नवीन यंत्र आणलंय, चकचकीत छोट्या तबकड्यांचं. नवी रिमिक्स, धाडधाड ठोके, मध्येच कुत्रं भुंकावं तसे आवाज. मला म्हणाला, "जनीताई, तुमचा माल आता म्युझियममधे द्या. पब्लिकला स्पीड पाहिजे, स्पीड." लावलं त्याने. पोरं नाचली, नाही असं नाही. पण नाचली ती एकमेकांना दाखवायला. बायका होळीच्या कडेला बसून राहिल्या, म्हातारे उठून घराकडे निघाले. जरा वेळाने पोरंही दमली. कुंडलिकने आवाज वाढवला, तरी कुणी उठेना. मग माझ्याकडे बघून मान खाजवली त्याने. मी घरी जाऊन प्लेअर उचलून आणला.

सुई टेकली, तो पियानो आला आणि बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बायका एकदम उठल्या. सगुणा उठली. तिला तू विसरला नसशील, तिचा मुलगा गेल्या पावसात खाडीत गेला. तेव्हापासून ती कुणाच्या दारात गेली नव्हती. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला, हात वर केले आणि नाचली. रडत नव्हती. अगदी छान हसत होती.

मला तेव्हा कळलं हे गाणं जुनं का होत नाही. कुंडलिकची गाणी सुखात असलेल्यांसाठी असतात. दुःख झालं की ती उपयोगाची नाहीत. तुझी गाणी रडून झालेल्यांनी केलेली आहेत. ज्यांना घरातून काढलं त्यांनी "या, सगळे या" म्हणत केलेली. असलं बोलावणं शिळं कसं होईल? आपला धवला कुणी बांधला ते आजीच्या आजीलाही माहीत नव्हतं, म्हणून हळदीला कुणी म्हणतं का की जुना झाला, नवीन आणा?

तुमच्या शिकागोत लावत नसतील तर तो शिकागोचा करंटेपणा. ठाण्याच्या कोळीवाड्यात लावतात. ठाकुर्लीपासून कळव्यापर्यंत हळद असली की कुंडलिकला लोक सांगतात, "नाथाच्या रेकॉर्डी आन." हो, तुझं नाव घेऊनच. ज्या नावाला आपल्या घरात बंदी आहे ते नाव खाडीभर लोक तोंडभरून घेतात, आणि बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

विसरा म्हणे. मोठा आलास सांगणारा.

जनी


कोळीवाडा, ठाणे
१५ डिसेंबर १९९६

दादूस,

माझं लग्न ठरलं. दचकू नकोस, मुलगा मीच बघितला. उत्तम नाव. दिवा गावाजवळचे कोळी. तिथे नळाला पाणी येतं तेव्हा सणासारखं येतं, तरी मी चाललेय. माणूस तसा आहे.

आता खरं सांगते. मोहन्याचं स्थळ नोकरीवरून मोडलं नव्हतं. त्यांनी विचारलं, थोरला मुलगा काय करतो? बाबा म्हणाला, "नाय आमाला थोरला." मी चहा घेऊन येत होते. ट्रे खाली ठेवून म्हटलं, "हाय. शिकागोला हाय. लिओनसंगं ऱ्हातो, संसार हाय त्याचा." चहा तसाच राहिला आणि पाहुणे गेले. तुला लिहिलं नाही, कारण तू स्वतःला दोष देत बसला असतास. दोष कसला? मला तर त्या दिवशी पहिल्यांदा मोकळा श्वास आला. आणखी दोन ठिकाणी हेच केलं.

उत्तमलाही पहिल्याच भेटीत सांगितलं. तो म्हणाला, "त्या रेकॉर्डीवाला नाथा? तुज्या भावाच्या गान्यावर मी आमच्या बहिनीच्या हलदीला गुडघा मोडून घेतलाय." आणि मग म्हणाला, "माझ्याकडून काय नाय. पन आमच्या मामाला तू सांग, मना भीती वाटते." हसू आलं मला. हा चालेल, मनात म्हटलं.

उत्तमच्या मामांना मात्र भटजी हवा आणि ऑर्केस्ट्रा हवा. धवलारीण म्हणजे मागासलेपणा, असं त्यांचं म्हणणं. मी निरोप पाठवला, लग्नाला तुमचा भटजी आणा, ऑर्केस्ट्रा आणा, हवं तर हत्ती आणा. पण माझी हळद माझ्या आईच्या धवल्याने लागेल आणि नंतर माझ्या भावाच्या रेकॉर्डी वाजतील. मान्य नसेल तर सांगा. त्यांनी मान्य केलं, पण तोंड वाकडं करून.

अडलंय ते घरातच. मी आईला म्हटलं, माझ्या हळदीला दादूसचं नाव घे. लिओनचं पण घे. ती पीठ चाळत होती. हात न थांबवता बोलली. "तुज्या बापसानी सांगलंय, मी कशी घेऊं? मनान मी रोज घेतंय." मी म्हटलं, मनातलं त्याला शिकागोत ऐकू येत नाही. तिने चाळण बाजूला ठेवली आणि तोंडाला पदर लावला.

काळुराम सांगतो, तुझे कागद गेल्या वर्षीच झाले. म्हणजे आता अडकाठी एकच. ती इथली आहे आणि ती मी काढणार. कशी, ते ठरलेलं नाही. हळद एकवीस फेब्रुवारीला आहे.

जनी


मुक्काम दिवा
२ मार्च १९९७

दादूस आणि लिओन,

हो, दोघांनाच. लिओनला तू वाचून दाखव, आणि मधलं काही गाळू नकोस.

अंगणात मांडव होता. दिवेलागणीची वेळ. मी पाटावर, आई समोर, बायजाकाकू आणि बाकीच्या झेलणाऱ्या बायका तिच्या मागे. उत्तमचे मामा उष्टी हळद घेऊन आले होते आणि बाबाशेजारी खुर्चीवर पाहुण्यासारखे ताठ बसले होते. आईने धवला सुरू केला. एकवीरा आईला बोलावलं, गावदेवाला बोलावलं, खाडीला बोलावलं. आजोबा, पणजोबा, सगळे आले. मग घरचे. आणि मग तो श्वास.

मी हळदीची वाटी उचलली आणि मांडीवर घेतली. म्हटलं, "नाव घेतल्याबिगर हलद लागनार नाय."

आई थांबली. बायका थांबल्या. बाबा उठला. "जनी, वाटी दे." मी म्हटलं, "नाय." "पाहुन्यांसमोर तमाशा करतंस?" "तमाशा तू केलास, बाबा, अकरा वरसं. मी नुसती बसलंय." दादूस, मी वाटी इतकी घट्ट ओढून धरली की हळद पातळावर सांडली. पण वाटी सोडली नाही. उत्तमचे मामा उठून उभे राहिले. आता हळद मोडते की काय, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं.

अशा वेळी साऊंडवाला काय करतो? जे त्याला येतं ते. कुंडलिकने घाबरून सुई टेकवली.

तो ठोका सुरू झाला. पियानो आला. मांडवाच्या कडेच्या दोन बायका सवयीने उठल्या, मग चार. सगुणा उठली. कुणाला काही ठरवावं लागलं नाही. त्या गाण्याचं तसंच आहे, ते सुरू झालं की अंग आधी उठतं आणि मन मागून येतं. मामाही गोंधळून परत खाली बसले आणि त्यांचा एक पाय ठेका धरायला लागला, तो मी पाहिला. मी पाटावर वाटी धरून बसलेली आणि माझ्याभोवती सगळा कोळीवाडा नाचतोय.

मग हळदीची जागा आली. ये. येतोय. ये. येतोय.

बाबा अजून उभाच होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून असेल, नाहीतर इतक्या वर्षांची सवय म्हणून, तो मामांना म्हणाला, "आमच्या घरची रेकॉर्ड हाय. ह्यो वो देतंय ना, त्याचा गला ऐका."

सहा वर्षं पोटात होतं ते तेव्हा फुटलं. मी म्हटलं, "बाबा, त्यो वो देनारा लिओन हाय."

कुंडलिक सुई उचलायला वाकला, कारण तिथे नेहमी उचलावीच लागते. बाबाने त्याचा हात धरला. "ऱ्हाऊं दे," म्हणाला. एवढंच. आणि खाली बसला, तोंड फिरवून, धोतराच्या सोग्याने नाक पुसत.

दादूस, मी आईकडे पाहिलं. ती बाबाकडे बघत होती. मग तिने डोळे मिटले आणि त्या ठोक्यावर, त्याच सुरात, धवला जिथे सोडला होता तिथून उचलला.

"नाथा माजा, ये."

"येतोय," रेकॉर्डीतून आवाज आला.

मागच्या बायकांनी ओळ झेलली. बायजाकाकूचा आवाज फाटला, तरी झेलली. रेकॉर्ड थांबून राहिली होती, पुढे जात नव्हती, जणू आईचं व्हायची वाट बघत होती. मला वाटलं झालं, एवढंच फार झालं. मी वाटी खाली ठेवणार तर आईने पुन्हा श्वास घेतला. या वेळचा श्वास वेगळा होता.

"लिओन माजा, ये."

"येतोय."

लिओन, तू दिलीस ती ओ. तुझ्या स्वतःच्या तोंडाने दिलीस, माझ्या आईला, माझ्या हळदीला, साऱ्या कोळीवाड्यासमोर. आता माघार नाही. आमच्यात हळदीचं आवतण घेऊन न येणं म्हणजे काय असतं, ते दादूस तुला सांगेल.

बाबाचं खरं तेच लिहिते. त्याने अजून तुझं नाव घेतलेलं नाही, दादूस. घेईल का, माहीत नाही. पण मी सासरी निघाले तेव्हा प्लेअर माझ्या सामानात बांधायला घेतला, तर म्हणाला, "त्यो हितंच ऱ्हाऊं दे. त्या दोघांना लागल." आईने माझ्याकडे बघितलं. मी दोरी सोडली.

फक्त एक अडचण आहे. त्या संध्याकाळी सुई तिथे फार वेळ फिरली. उचलायला कुणाचाच हात गेला नाही. आता ती पार झिजलीय आणि ठाण्यात तसली मिळत नाही. नवी सुई तुम्हालाच आणावी लागेल.

पोस्टाने पाठवू नका. पाठवलीत तर परत पाठवीन.

जनी